परभणीत पुन्हा डिसेंबर : परवानगीचा कागद आणि आपला रस्ता

डिसेंबर तोंडावर आला की आपल्या वस्त्यांमधली पोरं कामाला लागतात. ६ तारखेचं अभिवादन, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, १४ जानेवारीला नामविस्तार दिन, आणि ते आटोपेपर्यंत एप्रिलच्या जयंतीची वर्गणी. परभणीत यंदा या यादीत दोन तारखांची भर पडली आहे. १० डिसेंबर, म्हणजे गेल्या वर्षी रेल्वे स्थानकासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली तो दिवस. आणि १५ डिसेंबर, म्हणजे सोमनाथ सूर्यवंशी यांचा कोठडीत मृत्यू झाला तो दिवस. या दोन तारखांना काय करायचं याची बैठक बसली की पहिला प्रश्न एकच येतो, "परवानगी मिळेल का?"

आमच्या मते गडबड या प्रश्नापासूनच सुरू होते. शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमणं हा संविधानाच्या कलम १९(१)(ख) ने दिलेला हक्क आहे, पोलीस ठाण्याने दिलेली सवलत नाही. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, हेही त्याच कलमात पुढे लिहिलं आहे आणि ते आपल्याला मान्य आहे. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाईल, किती वाजता संपेल, वाहनं कुठून वळवायची, हे प्रशासनाने ठरवावं. पण कार्यक्रम होऊ द्यायचा की नाही, हे एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही. कागदावर हा फरक बारीक दिसतो. परभणीने मात्र त्याची किंमत मोजली आहे.

गेल्या वर्षीचा क्रम एकदा नीट आठवू. १० डिसेंबर २०२४ ला शहरात बांगलादेशातील हिंदूंवरील अत्याचारांच्या निषेधार्थ सकल हिंदू समाजाचा मोर्चा झाला. त्याच दिवशी सायंकाळी प्रतिकृतीची विटंबना झाली. या दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता यावर विधानसभेत आणि बाहेर बराच वाद झाला. तो इथे उगाळायचा नाही. आम्हाला एवढंच नोंदवायचं आहे की ज्या शहरात एक दिवस आधी एक मोठा मोर्चा पार पडला, तिथे दुसऱ्या दिवशी पुतळ्याजवळ हजारो संतप्त माणसं जमणार हे सांगायला गुप्तवार्ता विभाग लागत नव्हता. ११ डिसेंबरला बंद पुकारला गेला. दुपारनंतर दगडफेक, जाळपोळ, लाठीमार, अश्रुधूर असं सगळं झालं. जिल्हाधिकाऱ्यांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जमावबंदी लावली, इंटरनेट बंद झालं. त्यानंतर आंबेडकरी वस्त्यांमध्ये कोम्बिंग ऑपरेशन सुरू झालं आणि पन्नासच्या आसपास लोकांना अटक झाली.

अटक झालेल्यांत सोमनाथ होते. ३५ वर्षांचे, कायद्याचे विद्यार्थी, वडार समाजातले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मृत्यूचं कारण अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं नोंदवलं गेलं. सरकारने विधानसभेत मारहाणीचा इन्कार केला. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. सोमनाथ यांच्या आई विजयाबाई यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ ला गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि राज्य सरकारने त्याविरुद्ध केलेलं अपील सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलैला फेटाळलं. १६ डिसेंबरला ज्येष्ठ नेते विजय वाकोडे हृदयविकाराने गेले, ते दुःख वेगळंच.

हे सगळं कोठडीतल्या मृत्यूचं प्रकरण म्हणून न्यायालयात आहे आणि ते तसंच चाललं पाहिजे. पण त्याच्या आधी एक पायरी होती, तिच्याकडे कमी लोकांनी पाहिलं. ती पायरी म्हणजे गर्दीचं नियोजन. सकाळी मोर्चा कुठून निघणार, कोणाशी बोलायचं, बाजारपेठेत किती पोलीस लागतील, बाहेरगावाहून येणारे कुठे थांबतील, हे आधी ठरलं असतं तर दुपार वेगळी गेली असती का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. आधी नियमन करायचं नाही आणि नंतर दार ठोठावून माणसं उचलायची, हा मात्र नियमनाचा प्रकार नव्हे. नियमन दिवसाढवळ्या रस्त्यावर होतं. घराघरात घुसून जी होते तिला शिक्षा म्हणतात, आणि ती द्यायचा अधिकार पोलिसांना नाही.

आता कायद्याकडे येऊ. मोर्चा, सभा, मिरवणूक यांच्यावर महाराष्ट्रात सगळ्यात जास्त चालतो तो १९५१ चा पोलीस अधिनियम. त्यातलं कलम ३३ सार्वजनिक रस्त्यांवरील सभा-मिरवणुकांचे नियम करण्याचा अधिकार देतं. या कलमाखालच्या नियमांची परीक्षा सर्वोच्च न्यायालयात कधीच होऊन गेली आहे. तेव्हा हाच मुंबई पोलीस कायदा गुजरातमध्येही लागू होता. अहमदाबादेत एका सभेला पोलिसांनी परवानगी नाकारली आणि प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. हिमतलाल शहा खटल्यात १९७२ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कलम ३३ वैध ठरवलं, पण परवानगीचा नियम रद्द केला. कारण साधं होतं. परवानगी कधी नाकारायची याचा कुठलाही निकष त्या नियमात नव्हता, सगळं अधिकाऱ्याच्या लहरीवर होतं. राज्य रस्त्यावरच्या सभांचं नियमन करू शकतं, पण सगळे रस्ते सभांना बंद करू शकत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. आज पन्नास वर्षं उलटून गेली तरी आपल्या किती कार्यकर्त्यांना हा निकाल माहीत आहे? संविधान डोक्यावर घेऊन मिरवणाऱ्या आपल्या समाजाला तो तोंडपाठ असायला हवा होता.

दुसरं, आणि आपल्या भागात जास्त भेटणारं, कलम ३७. त्याच्या पोटकलम १ आणि ३ चा आदेश मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत वरचेवर निघतो. सण आला, निवडणूक आली, कुठे तणाव झाला की पंधरा दिवसांची जमावबंदी. पंधरा दिवस संपले की पुढचे पंधरा. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते आणि पाच किंवा त्याहून जास्त माणसांचं एकत्र येणं परवानगीशिवाय गुन्हा ठरतं. असा आदेश कायमचाच लागू असेल तर त्याचा अर्थ असा की हक्क हा अपवाद झाला आणि बंदी हा नियम झाला.

यावरचा निकाल आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला आहे. २०२० च्या जानेवारीत बीडच्या अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांनी कलम ३७ चा असाच आदेश काढला होता. माजलगावच्या जुन्या ईदगाह मैदानावर नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध शांततेने बसू इच्छिणाऱ्यांना त्या आदेशाचा आधार घेऊन परवानगी नाकारली गेली. औरंगाबाद खंडपीठाने १३ फेब्रुवारी २०२० ला तो आदेश रद्द केला. आदेश वरकरणी सगळ्यांसाठी दिसत असला तरी प्रत्यक्षात त्याचा रोख एका आंदोलनाकडे होता, हे न्यायालयाने ओळखलं. एखाद्या कायद्याला विरोध करणाऱ्यांना केवळ तेवढ्यासाठी देशद्रोही म्हणता येत नाही, असंही सुनावलं. माजलगाव ते पाथरी हे अंतर एसटीने किती, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे हा निकाल दूरचा नाही, आपल्या खंडपीठाचा, आपल्याच कायद्यावरचा आहे. बीडच्या मुस्लिम बांधवांनी लढून मिळवलेला हा आधार आपल्याही झोळीत पडला आहे, हे विसरू नये.

एवढं सगळं असताना प्रत्यक्षात काय होतं? वस्तीतला एखादा विशीतला पोरगा अर्ज घेऊन ठाण्यात जातो. "साहेब बंदोबस्तावर आहेत, उद्या या." उद्या गेला की "महापालिकेचं ना-हरकत आणा." तिथे गेलं की "आधी पोलिसांचं आणा." मंडप रस्त्यावर येत असेल तर महापालिका, ध्वनिक्षेपकाला पोलीस, विजेची तात्पुरती जोडणी महावितरणकडून, आणि मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी. ही शेवटची गोष्ट तर कित्येक जयंती मंडळांच्या गावीही नसते. मग शांतता समितीची बैठक होते, तिथे चहा होतो, सूचना होतात, आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तोंडी सांगितलं जातं की मार्ग बदला किंवा रद्दच करा. अर्जावर पोच नसते. नकार कागदावर नसतो. जो नकार कागदावर नाही, त्याला आव्हान तरी कुठे द्यायचं?

अर्जदाराची गोष्ट आणखी नाजूक आहे. ज्याची सही अर्जावर, त्याचं नाव ठाण्याच्या दप्तरात. पूर्वी १४९ ची म्हणून ओळखली जाणारी आणि आता नव्या संहितेत कलम १६८ खाली येणारी नोटीस त्यालाच मिळते. कार्यक्रमात कुणीही काहीही केलं तरी सर्व जबाबदारी माझी, असं हमीपत्र त्याच्याकडून लिहून घेतलं जातं. मार्ग, वेळ, आवाज यांची हमी संयोजकाने दिली पाहिजे, त्यात वाद नाही. पण हजार माणसांतल्या एकाने दगड मारला तर त्याचा गुन्हा संयोजकावर, हे कोणत्या कायद्यात बसतं? आपल्या मुलांना त्याची भीती का वाटते हेही समजून घेतलं पाहिजे. पोलीस भरती असो, तलाठी असो की एमपीएससी, चारित्र्य पडताळणीत जमावबंदी मोडल्याचा एक किरकोळ गुन्हाही आडवा येतो. म्हणून हुशार पोरं सही करायला पुढे येत नाहीत, आणि सही करतो तो ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नाही. चळवळीचं यात दोन्हीकडून नुकसान आहे.

इथे एक बारकावा सांगून ठेवतो. आदेश मोडल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा लागतो. पण या गुन्ह्याची दखल न्यायालय तेव्हाच घेऊ शकतं, जेव्हा ज्या लोकसेवकाचा आदेश मोडला त्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार न्यायालयात येते. नुसतं दोषारोपपत्र पुरत नाही. कित्येक मुलं वर्षानुवर्षं तारखा करतात आणि हा मुद्दा कुणी मांडतच नाही. आपल्या समाजात वकिलांची कमी नाही. तालुक्याला दोन वकिलांनी मिळून अशा प्रकरणांची एक यादी केली तरी पुष्कळ गुंते सुटतील.

तुलना केल्याशिवाय राहवत नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला. मुंबईत गणेश मंडळांच्या मंडपांसाठी महापालिकेची एक खिडकी पद्धत अनेक वर्षं चालू आहे. परभणीत दरवर्षी फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो, लाखो लोक येतात, आणि संपूर्ण प्रशासन त्याच्या नियोजनात असतं. हे सगळं चांगलंच आहे. गर्दी म्हणजे संकट, हे गृहीत न धरता गर्दीची व्यवस्था करता येते, याचीच ही उदाहरणं आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये मनोज जरांगे पाटील यांच्या मुंबईतील उपोषणाला परवानगी होती ती एका दिवसाची, पाच हजार माणसांची, सकाळी नऊ ते सायंकाळी सहापर्यंतची. आंदोलन पाच दिवस चाललं. परवानगी वाढवून दिली गेली, उच्च न्यायालयाने रस्ते मोकळे करायला सांगितले, मंत्री मैदानात आले, आणि गुन्हे मागे घेण्याचं आश्वासनही मिळालं. मराठवाड्यातल्या गरीब मराठा शेतकऱ्याशी सरकार बोललं याबद्दल आमची तक्रार नाही. बोलायलाच हवं. आमचा प्रश्न एवढाच की परभणीत ११ डिसेंबरच्या सकाळी असं कोण बोलायला आलं होतं? पुढे १७ जानेवारीला याच शहरातून मुंबईकडे लाँग मार्च निघाला आणि कडाक्याच्या थंडीत नाशिकपर्यंत पायी गेला. रस्त्यावर कुठे काच फुटली नाही. हाच समाज, हीच माणसं. फरक होता तो नियोजनाचा, ठरलेल्या मार्गाचा आणि पुढे चालणाऱ्या ओळखीच्या चेहऱ्यांचा.

म्हणून थोडं स्वतःकडेही पाहू. बंद ही हाक अशी आहे की तिला अर्ज नसतो, मार्ग नसतो, संयोजक नसतो. सगळ्यांनी पुकारलेला बंद कुणाचाच नसतो. न्यायालयांनी बंदबद्दल वारंवार कठोर भूमिका घेतली आहे; बदलापूर प्रकरणात २४ ऑगस्ट २०२४ च्या महाराष्ट्र बंदला मुंबई उच्च न्यायालयाने आदल्या दिवशी मनाई केली होती, आणि तो बंद मोठमोठ्या पक्षांचा होता. बंदमध्ये कोण शिरलं, कुणी दगड मारला, हे सांगायला आपल्याकडे ना स्वयंसेवक होते ना आपला कॅमेरा. मग पोलिसांनी ज्याला उचललं तो आरोपी. हे आम्ही दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या सायंकाळी मनं जळत होती, हे आम्हालाही माहीत आहे. पण रागाला मार्ग आखून देणं हे कार्यकर्त्याचं काम आहे, जमावाचं नव्हे.

बाबासाहेबांनी हे केलेलं आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरवायची तर गावात जागा मिळेना. अखेर फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. परिषदेच्या आधी, १४ डिसेंबरला, दिवाणी न्यायालयाने तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई केली. हजारो माणसं जमलेली होती, पाणी प्यायच्या तयारीने आली होती. तरी तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब झाला, शिस्तीत गावातून मिरवणूक निघाली, आणि न्यायालयातली लढाई दहा वर्षं चालवून १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात जिंकली. मनाईपुढे बाबासाहेब झुकले, असं तेव्हाही काहींनी म्हटलं असेल. त्यांनी कागदाला कागदाने उत्तर दिलं.

आणि डीजेचं काय करायचं? ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट, आणि ते दिवस प्रशासन जाहीर करतं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा, रात्री ४५. डीजेच्या भिंती लावून आपण ही मर्यादा पार करतो तेव्हा नकार द्यायला आयतं कारण हातात देतो, आणि ज्या आजीला उद्या मोर्चात पुढे चालायचं आहे तिला आज घरात कानात बोळे घालून बसवतो. इतर मंडळंही हेच करतात, हे उत्तर खरं आहे, पण उपयोगाचं नाही. आपली मिरवणूक लेझीम, पथनाट्य, ग्रंथदिंडी यांनी मोठी होत आली आहे, परभणी जिल्ह्यातही.

मागणी काय करायची, तर बाहेर एकदा नजर टाकू. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याप्रमाणे मिरवणूक काढणाऱ्यांनी सहा दिवस आधी पोलिसांना लेखी सूचना द्यायची असते. परवानगी मागायची नसते. पोलिसांना अटी घालता येतात आणि बंदी घालायची तर वेगळी, वरची प्रक्रिया आहे. तो देश आंदोलकांचा लाडका आहे असं नाही, तिथेही अलीकडे नियम कडक होत चालले आहेत. तरी सुरुवातीचा कागद 'विनंती' नसून 'सूचना' असतो, याने दोन्ही बाजूंची भाषा बदलते. आपल्याकडे कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली सभा, मिरवणूक आणि ध्वनिक्षेपक यांची परवानगी ही अधिसूचित सेवा आहे. म्हणजे ठरलेल्या मुदतीत निर्णय, नाकारलं तर लेखी कारण, आणि त्यावर अपील. आपले सरकार पोर्टलवर अर्ज केला की अर्जाचा क्रमांक मिळतो. "उद्या या" हे वाक्य त्या क्रमांकापुढे फारसं टिकत नाही.

तेव्हा १० आणि १५ डिसेंबरसाठी परभणीच्या तरुणांनी काय करावं, याबद्दल आमचं मत असं. अर्ज एका पोराच्या सहीने नको, पाच-सात जणांच्या सहीने जाऊ द्या. त्यात एक वकील, एक शिक्षक, एक महिला मंडळाची ताई असू द्या. अर्जात मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, स्वयंसेवकांची नावं आणि पाण्याची व्यवस्था लिहा. हमीपत्र मागितलं तर आपल्या स्वयंसेवकांपुरतं आणि ठरलेल्या मार्गापुरतं द्या, "सर्व जबाबदारी" हे शब्द कापा आणि कापल्याची सही करा. तोंडी नकार आला तर त्याच दिवशी पत्र द्या, "आज अमुक वाजता आपण तोंडी असं सांगितलंत, कृपया कारणांसह लेखी कळवावे." कलम ३७ चा आदेश दाखवला तर त्याची प्रत मागा, तारीख बघा, माजलगावच्या निकालाची प्रत सोबत जोडा. यंदा नगरपालिका निवडणुकांच्या आचारसंहितेचंही नाव सांगितलं जाईल. अभिवादन सभेत कुणा उमेदवाराला मंचावर बसवू नका, म्हणजे त्या कारणालाही जागा उरत नाही.

जिल्हा प्रशासनाकडेही एक मागणी आहे. पुतळ्याच्या परिसरात या दिवशी लोक येणारच आहेत, परवानगी असो वा नसो. आई-बाया मेणबत्त्या घेऊन येतील, खेड्यापाड्यांतून टेम्पो येतील. तेव्हा आठवडाभर आधी संयोजकांसोबत बैठक घ्या, तिचं इतिवृत्त लिहा आणि त्याची प्रत त्यांना द्या. दिवसभर संयोजकांशी बोलायला एक अधिकारी नावानिशी नेमा, आणि बंदोबस्तावरच्या प्रत्येक पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी असू द्या. स्थानक परिसरातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण जपून ठेवण्याचा आदेश आधीच काढा. गेल्या वर्षी काय झालं हे शोधायला वर्षभर न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

आमच्या हातात हा लेख लिहिताना एका जयंती मंडळाची जुनी वही आहे. पहिल्या पानावर वर्गणीचा हिशेब, शेवटच्या पानावर मिरवणुकीचा मार्ग पेन्सिलीने काढलेला. मधल्या पानांत पोलीस ठाण्याची एकही पोच नाही. यंदाच्या वहीत पहिली चिकटवायची आहे ती पोच, आणि अर्ज १० तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी जायला हवा.